निकेतच्या कॉमेंट मी वाचते

माझा भाऊ निकेत कॉमिक काढतो आणि त्याला आलेल्या शिव्या मी खाते. आमच्या घरात कामं अशी वाटून दिलेली आहेत. मी विनिता, त्याची मोठी बहीण, चौतिशीची, बिनलग्नाची. न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या गेटवर ट्रेलरचे कागद तपासते. दिवसभर ड्रायव्हरांशी घसा फोडायचा आणि जेवणाच्या सुट्टीत निकेतचं पेज उघडून बसायचं.

सुरुवात झाली ती हळदीवरून. निकेतने गावच्या हळदीवर एक भाग काढला होता. मटणावरून रुसलेला मामा, डीजेपुढे नाचता नाचता आडवा झालेला नवरा, असलं काहीतरी. लोकांना झोंबलं. समाजाची बदनामी करतोस म्हणून तुटून पडले त्याच्यावर. आईबापावरून शिव्या. निकेतने त्या एकेक वाचल्या, परत परत वाचल्या. मग जेवण सोडलं, बोलणं सोडलं, आंघोळ सोडली. पनवेलच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, चित्रं काढ, पण कॉमेंट वाचू नकोस. घरातलं कोणीतरी वाचेल आणि चांगलं तेवढं तुला सांगेल.

घरातलं कोणीतरी म्हणजे कोण? बाबा ट्रेलरच्या धंद्यात गुंतलेले, आईला मोबाईल फक्त उचलता येतो. राहिले मी.

"त्याचं मन हलकं हाय गो," आई म्हणाली. "तुजं घट्ट हाय. तुला काय व्हतंय?"

तेव्हापासून निकेतच्या फोनवर पेजच नाही. तो काढतो, मी टाकते. घाण लिहिणाऱ्याला ब्लॉक करते आणि संध्याकाळी जेवताना चांगल्या कॉमेंट वाचून दाखवते. खोटं कशाला बोलू, आधी मलाही मजा यायची. कौतुक ऐकून पोरगं चार घास जास्त खायचं.

मग त्याचे विषय संपले. गावावर काढायची भीती, पुढाऱ्यांवर काढायची भीती. न भिता काढता येईल असं माणूस उरलं कोण? मी! त्याने 'आक्का' काढली. जाडी, काळी, ओठावर लव, लग्न जमत नाही म्हणून दिसेल त्याच्यावर खेकसणारी. अंगात माझा निळा पंजाबी ड्रेस, जसाच्या तसा.

आक्का तुफान चालली. आणि आता गंमत बघा. आक्काला लोक जे बोलायचे ते निकेतसाठी कौतुकच होतं. 'ही म्हैस कोणाच्या गोठ्यात बांधणार? हसून मेलो, भावा!' ही शिवी की शाबासकी? शाबासकी. म्हणजे वाचून दाखवायची. 'हिला आंधळाच नवरा पाहिजे. तू ग्रेट आहेस, निकेत.' हे मी माझ्या तोंडाने वाचायचं आणि समोर बसून तिघांनी हसायचं. बाबांना तर ठसका लागायचा.

एकदा स्पष्ट सांगितलं, "निकेत, आक्का बंद कर. ती मी आहे."

"तू कुठे? ती कॅरेक्टर आहे." मग त्याने खांदे पाडले. "तिला काढताना मला बरं वाटतं, ताई. दुसरं काही सुचतच नाही."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याच्या गोळ्या गटारात टाकल्या.

त्याच सुमारास हर्षद भेटला. पेणचा, बंदरात क्रेन चालवतो, बायको वारलेली. उरणला एकदोनदा चहा प्यायलो. माणूस कमी बोलणारा, पण माझी बडबड ऐकून गालात हसायचा. मला तो आवडला होता, साफ सांगते. तो आईला घेऊन घरी आला, पोहे खाल्ले, बोलणी बरी झाली.

आठवड्याभरात निकेतने नवा भाग माझ्या हातात दिला. आक्काला बघायला पाहुणे आलेत. पोहे आक्कानेच फस्त केलेत. आणि पाहुण्याच्या घरी भिंतीवर त्याच्या मेलेल्या बायकोचा फोटो, आणि फोटोतली बायको हात जोडून त्याला म्हणतेय, 'अहो, त्यापेक्षा तुम्हीच वर या!'

"हे मी टाकणार नाही," मी म्हटलं.

निकेत उठला. खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी जेवला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आईने माझा मोबाईल आणून माझ्या हातात कोंबला. "टाक. लगीन दुसरं जमंल. पोरगा दुसरा कुठून आणू?"

मी टाकलं. माझ्या हाताने.

हर्षदचा फोन आला. चिडला असता तर भांडले तरी असते. पण तो हळूच म्हणाला, "विनिता, ती गेलीय गं. तिला तरी सोडायचं होतं." आणि ठेवला. मी परत लावला, त्याने उचलला नाही.

त्या संध्याकाळी निकेत ताटावर बसला. "काय म्हणतायत लोक?"

पेजवर नुसता हशा होता. मी मोबाईल उलटा ठेवला. "काही नाही. कोणी काही बोललं नाही."

"कोणीच नाही?"

"नाही."

त्याचा चेहरा उतरला. आणि मला बरं वाटलं. आईशप्पथ, बरं वाटलं!

मग रोज तेच. तो विचारायचा, मी नाही म्हणायचे. हजारो लोक हसायचे आणि हा पोरगा नखं खात बसायचा. "शिव्या तरी?" त्याने एकदा विचारलं. मी म्हटलं, "शिव्या द्यायला तरी आधी बघावं लागतं ना रे." आमचा चुलतभाऊ गणराज त्याला म्हणाला, भारी चाललंय तुझं. मी म्हटलं, "गणराज घरचाच, तो वाईट म्हणेल का?" निकेतला ते पटलं.

शेवटी त्याने आक्काला मारलं. तो भाग मी गेटवर उघडला. आक्का मेलीय. भाऊ तिचा मोबाईल उघडतो आणि तिने त्याच्यापासून लपवलेल्या सगळ्या शिव्या त्याला सापडतात, त्याच्यावरच्या आणि तिच्यावरच्याही. तो खाली बसून त्या एकेक वाचतो आणि प्रत्येकीपुढे लिहितो, 'हे तिने ऐकून घेतलं.' शेवटच्या चौकटीत आक्का होती, आणि पहिल्यांदाच तिचं तोंड माझ्यासारखं होतं.

मी टाकला. लोक रडले. म्हैस म्हणणारेच रडले. 'अशी बहीण नशिबाने मिळते.' 'आज ताईला फोन केला.' माझ्यासमोर ट्रेलरची रांग लागली, ड्रायव्हर हॉर्न मारत राहिले, आणि मी ढसाढसा रडत वाचत होते.

संध्याकाळी त्याने ताटाला हात लावला नाही. "काही आलं?"

"नाही."

त्याने ताट बाजूला सारलं. मग जे कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं. "तुला कसा वाटला, ताई?"

"मला?" मी म्हटलं. "लांबलाय जरा."

आता तो बाबांबरोबर धंद्यावर जातो. चित्रं काढायचा टॅबलेट कपाटात आहे. आई शेजारणीला सांगते, पोराचं डोकं ठिकाणावर आलं, गोळ्याही कमी झाल्या. पेजवर लोक अजून विचारतात, पुढचा भाग कधी? जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना एकेक करून ब्लॉक करते.