सुतारपक्ष्याची डबल बेल

बाबा बसचे ड्रायव्हर आणि आई त्याच बसची कंडक्टर. दोघं निवृत्त झाली, पण बस काही त्यांच्या डोक्यातून उतरली नाही. चालतानासुद्धा बाबा पुढे, आई मागे. आईने काठी एकदा आपटली की थांबायचं, दोनदा आपटली की निघायचं. मागे वळून बघणं बाबांना कमीपणाचं वाटतं. मागचं बघायला कंडक्टर आहे ना!

या जोडीला गावाबाहेरच्या जंगलातल्या पायवाटा दोघांनीच फिरायच्या होत्या. मी साफ नाही म्हणत होते. शेवटी ठरलं, आज मी जंगलाच्या फाटकापाशी बसणार आणि दोघं पिवळ्या खुणांचा छोटा फेरा मारून येणार. नीट आली, तर पुढच्या रविवारपासून माझी लुडबुड बंद. नाहीतर घरासमोरची बाग, तीही माझ्यासोबत. आईने हे जन्मठेप ऐकावी तसं ऐकलं. आत फोनला रेंज नव्हती, म्हणून गाडीतून उतरताना मी उपदेशाचा डोस पाजलाच: वाट सोडायची नाही, पाणी जवळ ठेवायचं, चुकामूक झाली तर आहात तिथेच थांबायचं.

"पोरगी कुणावर गेलीय गं?" बाबांनी विचारलं.

"चेकरवर," आई म्हणाली.

फेरा संपायची वेळ टळून गेली तरी दोघांचा पत्ता नाही. मी आत शिरले.

आई एका वळणावर दगडावर बसलेली. बुटात खडा गेला म्हणून तिने काठी एकदा आपटली होती, बाबा थांबलेही होते. ती नाडी बांधतेय तोवर वर झाडावर सुतारपक्ष्याने टकटक केलं, आणि बाबा निघाले!

"अगं, हाक मारायचीस ना!"

"मारली की. त्यांना हाक कधी ऐकू आलीय? काठीही आपटली, पण तो मेला सुतार थांबेल तर ना! शेवटी तू सांगितलंस तशी बसून राहिले."

आम्ही दोघी पुढे निघालो, तर पुढच्याच वळणापलीकडे बाबा. तेही वाटेच्या कडेला, तेही माझंच ऐकून. मधे इनमीन चार झाडं, आणि दोघं कधीची एकमेकांची वाट बघत. मला हसू फुटणार होतं, पण बाबांचा चेहरा बघून ते घशातच राहिलं. आल्या वाटेकडे तोंड करून ते बसले होते. ओठ सुकलेले, आणि मांडीवर पाण्याची न उघडलेली बाटली.

"प्यायला नाहीत?"

"पाणी माझ्याकडेच राहिलं गं," ते म्हणाले. "ती तिकडे तहानलेली, मी कसा पिणार?"

आईने बाटली हिसकावून आधी त्यांना पाजलं, मग फैलावर घेतलं. "पक्षी कुठला आणि मी कुठली, एवढंही कळेना? इतक्या वर्षांत?"

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागली. घाबरली होती दोघंही, पण वाट कुणी सोडली नव्हती. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि तो कबूल करणं जिवावर आलं.

"पुढच्या रविवारी मी येणार नाही," मी म्हटलं.

"रागावलीस?" दोघांनी एकदम विचारलं.

"हो," म्हटलं, आणि गाडीची किल्ली बाबांच्या हातात ठेवली.