वाघोलीचा तिसरा मजला आणि मी

मी एक जुना रबरी शिक्का आहे. गोल, लाकडी मुठीचा, कडेने जरा झिजलेला. मित्रांनो, माझ्याइतका वैतागलेला शिक्का सबंध सदाशिव पेठेत सापडणार नाही. का, ते ऐका.

सोळा वर्षांपूर्वी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात माझा जन्म झाला. मैत्री ओव्हाळ नुकतीच सीए झाली होती. म्हणजे संस्थांचे हिशेब तपासून ते खरे आहेत की नाहीत, हे सांगण्याचा अधिकार तिला मिळाला होता. तिचे वडील कचरू ओव्हाळ पोस्टात कारकून होते. मला हातात घेऊन त्यांनी दुकानदाराला विचारले, "ओळखपत्र वगैरे काही दाखवायचं नाही का?"

"चाळीस रुपये दाखवा," दुकानदार म्हणाला.

झाले! कोणीही यावे आणि हवा तो शिक्का करून न्यावा. पुढे प्रत्येक सहीसाठी वेगळा क्रमांक घ्यायचा नियम आला, तेव्हा खोटे शिक्के जरा घाबरले. खरे शिक्के डोळे मिटून मारणाऱ्यांचे काय करायचे, हा प्रश्न राहिलाच.

मैत्रीताई मला कुलुपात ठेवत असे. आधी कागद वाचायचा, मग बिले पाहायची, मग सही, आणि शेवटी मी. कधीकधी मी आठवडाभर नुसता बसून राही. पण उमटायचो तेव्हा ताठ मानेने उमटायचो.

चार वर्षांपूर्वी वाघोलीच्या एका शिक्षणसंस्थेचे हिशेब तिच्याकडे आले. मुलींच्या वसतिगृहाचा तिसरा मजला बांधायला संस्थेला सरकारी अनुदान मिळाले होते. विटा, सिमेंट, खिडक्या, अगदी पंख्यांचीसुद्धा बिले होती. सगळे इतके नीटनेटके, की ताईला शंका आली. तिने मला पर्समध्ये टाकले आणि स्कूटरवरून थेट वाघोली गाठली.

वसतिगृहात ओवी नावाची पहिल्या वर्षाची मुलगी भेटली. ताईने विचारले, "तिसऱ्या मजल्यावर कुठून जायचं गं?"

"तिसरा? मॅडम, वर गच्ची आहे. तिथे आमचे कपडे वाळतात."

ताई वर गेली. गच्चीवर गंजलेल्या सळया उभ्या होत्या आणि त्यांना दोऱ्या बांधलेल्या होत्या. खाली चौघींच्या खोलीत सात मुली राहत होत्या. ओवीची गादी दाराशी जमिनीवर होती. कोणी बाहेर जायचे म्हटले, की तिला उठावे लागे.

संस्थेचे सचिव रामदासराव चहा घेऊन हजर झाले. "मॅडम, मजला हाय की. मंजुरी हाय, बिलं हायत. बांधून व्हायला काय, आज ना उद्या व्हईल. तुम्ही शिक्का तेवढा मारा."

"पंखे कशाला लावलेत? ढगांना?" ताईने विचारले.

त्या दिवशी मी पर्समधून बाहेर आलोच नाही. मित्रांनो, न उमटण्याचाही अभिमान वाटतो, हे मला तेव्हा कळले.

पण पुढे काय झाले? महिन्याभरात संस्थेने ताईला काढले आणि आमोदराव नावाच्या दुसऱ्या सीएला नेमले. नियम असा, की नव्याने काम घेण्यापूर्वी जुन्याला पत्र लिहून विचारायचे, काही हरकत आहे का. आमोदरावांनी पत्र पाठवले. नियम पाळला! आणि उत्तराची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी सही करून शिक्का मारला. ताईने चार पानी उत्तर पाठवले, फोटो जोडले. त्यांनी ते वाचलेही नाही.

तिने सीएंच्या शिस्त समितीकडे तक्रार केली. अर्ज परत आला. तीन प्रती हव्या होत्या. तीन पाठवल्या, तर प्रतिज्ञापत्र हवे होते. मग तारखा. एकदा आमोदरावांचे वकील आजारी, एकदा आमोदराव आजारी, एकदा समितीचे सदस्यच अपुरे. इकडे ताईची तीन जुनी गिऱ्हाइके सोडून गेली. "बाई भांडखोर आहेत," असे बोलले जाऊ लागले. कचरूकाका एवढेच म्हणाले, "मैत्री, तू वर चढून पाहिलंस ना? मग मागे हटायचं नाही."

सहाव्या तारखेला सुनावणी झाली. समितीच्या अध्यक्षांनी विचारले, "आमोदराव, आपण वसतिगृह प्रत्यक्ष पाहिलंत?"

आमोदराव शांतपणे म्हणाले, "अहो, शिक्का मारायला तिथे जावं लागतं का?"

मी पर्समध्ये होतो. ताईने गच्चीचे फोटो समितीसमोर ठेवले.

सव्वातीन वर्षांनी निकाल लागला. आमोदराव दोषी ठरले. शिक्षा काय? सहा महिने नाव सीएंच्या यादीतून बाहेर, म्हणजे तेवढे दिवस सही बंद. सहा महिने! मजला बांधा, नाहीतर अनुदान वसूल करू, असा सरकारचा आदेशही संस्थेला आला आणि मग कुठे तिसऱ्या मजल्यावर पहिली वीट चढली. ओवी तोवर पदवी घेऊन हिंजवडीत नोकरीला लागली होती. सगळी वर्षे तिने दाराशीच काढली. निकाल कळल्यावर तिने ताईला फोन केला. "मॅडम, आमचं राहू द्या. पुढच्या मुलींना पलंग मिळतील ना?"

"मिळतील," ताई म्हणाली, "मी स्वतः वर चढून मोजीन."

मित्रांनो, आमच्यावर नियम पुष्कळ आहेत. पण ते वेळेवर लागू झाले नाहीत, तर मी म्हणजे नुसता शाईचा डाग. तुमच्या शाळेचा, सोसायटीचा, मंडळाचा हिशेब वर्षातून एकदा मांडला जातो. त्याखाली गोल ठसा दिसला, की मान डोलावून पुढे जाऊ नका. विचारा, "तुम्ही स्वतः पाहिलंत का?" ज्याने पाहिले असेल, तो आनंदाने सांगेल. ज्याला राग येईल, त्याचेच दप्तर आधी उघडा.