गळ्यावर वस्तरा असताना

निवडणुकीला उभं राहायचं खूळ सलूनवाल्याच्या डोक्यात शिरलं, त्याला कारणही तसंच होतं. चौकातला रस्ता रुंद करायचा ठराव नगरपालिकेत आला होता आणि त्या रुंदीत नेमकी त्याच्या दुकानाची रांग जात होती. रांगेतल्या सगळ्यांनी मिळून साहेबांचे उंबरठे झिजवले, हातापाया पडून झालं. जो तो म्हणाला, "बघू." त्या 'बघू'चा अर्थ तुम्हाआम्हाला कळतोच. मग एकदा शेजारचा पंक्चरवाला केस कापून घेता घेता म्हणाला, "भाऊ, तुम्हीच उभे राहा की! अख्खा वॉर्ड तुमच्यापुढे मान खाली घालून बसतो." गंमत म्हणून म्हणाला हो! पण या बाबानं ते मनावर घेतलं.

पक्षाचं तिकीट याला कोण देणार? त्यानं अपक्ष अर्ज भरला. चिन्ह मागितलं कात्रीचं, तर ती आधीच कुणीतरी पटकावलेली. पदरात पडला फुगा. "फुगा तर फुगा," म्हणत गडी कामाला लागला. समोर पक्षाकडून कंत्राटदार उभा होता. रस्त्याचं काम शेवटी त्याच्याच घरात जाणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. त्याच्याकडे गाड्या होत्या, भोंगे होते, मागे फिरायला माणसं होती. याच्याकडे एक खुर्ची, एक आरसा आणि चुरूचुरू चालणारी जीभ.

म्हणून यानं प्रचार दुकानातच मांडला. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावायचा, हनुवटी वर उचलायची, वस्तरा गळ्याशी न्यायचा आणि मग विचारायचं, "काय मग, यंदा मत आपल्यालाच ना?" आता तुम्हीच सांगा, गळ्यावर वस्तरा असताना 'नाही' म्हणायची कुणाची छाती आहे? मान हलवायचीही सोय नाही, म्हणून जो तो डोळे मिटून होकार द्यायचा. आणि हा खुळा ते सगळे होकार खरे धरून चालला होता.

"हेडमास्तरसुद्धा आपले!" घरी येऊन तो बायकोला म्हणाला.

"तोंड पुसून झाल्यावर विचारा एकदा," बायको म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. जेवा."

हळूहळू गिऱ्हाईक रोडावलं. लोक प्रचाराच्या गडबडीत असतील, अशी त्यानं मनाची समजूत घातली. एके दिवशी दारात उभा होता, तर समोरच्या एसी सलूनमधून हेडमास्तर बाहेर पडले, गाल कसे तुकतुकीत! नजरानजर झाली. हेडमास्तर क्षणभर चपापले, मग रस्त्यापलीकडून हात उंचावून ओरडले, "भाऊ, आपलं नक्की हं!" यानंही हात उंचावला. दुसरं करणार तरी काय बिचारा?

मतदानाच्या दिवशी सकाळपासून तो केंद्राबाहेर लोकांना हात जोडत उभा होता. घरी म्हातारे वडील, डावं अंग लुळं पडलेलं. ते दुकान मुळात त्यांचं, त्यांनीच हाडाची काडं करून उभं केलेलं. त्यांना केंद्रावर आणायला याच्याकडे वाहन नव्हतं. कंत्राटदाराच्या गाड्या मात्र म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरून उचलत होत्या. त्यातल्याच एका गाडीतून वडील उतरले. "गाडी त्याची असेना का, मत तर घरचंच आहे," असं शेजारी उभ्या बायकोला सांगत यानं पुढे होऊन त्यांना आत नेलं.

आणि आपटला. असा आपटला की मोजणीच्या खोलीत त्याच्याकडे बघायचीही लोकांना लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून दुकान पुन्हा भरलं. जो तो खुर्चीत बसायचा आणि शपथा खायचा, "भाऊ, मी तर तुम्हालाच दिलं. कुठं माशी शिंकली, देव जाणे!" एकजात सगळे! चिडावं तर गिऱ्हाईक तुटतं, गप्प बसावं तर जीव जळतो. तो फेस घोटत राहायचा. त्या आठवड्यातच नगरपालिकेची माणसं आली आणि रांगेतल्या सगळ्या शटरांवर लाल रंगानं फुल्या मारून गेली. घरी त्यानं फक्त बायकोला सांगितलं.

रविवारी नेहमीसारखा तो वडिलांची दाढी करायला बसला. खाटेवर उशीचा टेकू देऊन त्यांना बसवलं, उजवा गाल उरकला, हनुवटी उचलली. विचारायचं मनात नव्हतं, पण जिभेला वळणच पडलेलं.

"अण्णा, तुमचं मत तरी मलाच ना?"

"नाही रे," म्हातारा म्हणाला.

वस्तरा जागच्या जागी थांबला. इतक्या दिवसांत त्या पात्याखालून 'नाही' ऐकायची त्याला सवयच नव्हती.

"त्याला दिलं," वडील म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट होते. "गाडीत माझ्याशेजारीच बसला होता. म्हणाला, आजोबा, दुकानाला हात लागू देणार नाही. तू आला असतास निवडून, तरी एकटा काय करणार होतास पोरा? तिथं तुझं कोण ऐकणार? मी म्हटलं, तुझी हौस राहू दे, दुकान राहिलं पाहिजे. चुकलं का माझं?"

याला संताप आला, रडूही आलं, आणि दोन्हींपैकी एकही बाहेर काढता येईना. म्हाताऱ्याची मान त्याच्या तळहातावर होती, हलकी, विश्वासानं टेकलेली.

"नाही अण्णा," तो म्हणाला.

"मग? राखलं ना त्यानं दुकान? शब्दाचा पक्का निघाला ना?"

दारात बायको उभी होती. तिनं मान फिरवली.

"हो अण्णा, राखलं," तो म्हणाला आणि डाव्या गालाला फेस लावायला घेतला.