थोरल्याची घरघर

राजनंदिनीने दोन्ही हातांची बोटे स्पीकरच्या काळ्या कागदावर पसरून ठेवली, कान खाली नेला आणि कागद हलकेच आत दाबला. आतून बारीक आवाज आला, खर्र. बोटे उचलली तर परतताना पुन्हा खर्र.

"ऐकलं?" बाजेवर बसलेले कडूबा म्हणाले. स्पीकर बिघडल्याचे दुःख त्यांच्या आवाजात कुठे दिसेना. उलट आपला मुद्दा सिद्ध झाल्याचे समाधानच होते. "हा सांडूचा परताप."

"सांडू कोण, काका?"

"माझा मेव्हणा. हिचा भाऊ." त्यांनी हनुवटीने स्वयंपाकघराच्या दाराकडे खूण केली. "बिडकीनला लग्न होतं. म्हणलं, स्पीकरची पेटी दोघांनी उतरवा. हा गडी म्हणला, मी एकटा बास हाय. ट्रॉलीवरून खाली, धप्पदिशी! नवरदेवाची घोडी उधळली."

"घोडी आधीच उधळली होती," दारात सीताफळे निवडत बसलेल्या मंजुळाबाई म्हणाल्या.

"झालं. भावाची वकील बोलली."

दौलताबादच्या किल्ल्याकडे तोंड करून असलेल्या त्या पत्र्याच्या पडवीत दोन स्पीकर शेजारी शेजारी ठेवलेले होते. परातीएवढे गोल, मागे मूठभर जाड लोहचुंबक. बंद पडलेल्या एका टॉकीजमधून कडूबांनी ते तरुणपणी एकदमच आणले होते. पोत्यातून जो आधी बाहेर निघाला तो थोरला, नंतरचा धाकला. या दोघांच्या जिवावर त्यांनी पंचक्रोशीतली लग्ने, जावळे आणि तमाम निवडणुका वाजवल्या. मग डीजे आला आणि दोघे भाऊ घरी बसले.

राजनंदिनीला त्यांचा पत्ता तिच्या वडिलांनी दिला होता. सोमनाथरावांच्या स्वतःच्या लग्नात कडूबांचेच स्पीकर होते. "मंगलाष्टकं अशी वाजली होती की शेजारच्या गावातल्यांनी अक्षता टाकल्या असतील," असे ते अजून सांगत. फिजिक्समध्ये एमएस्सी केलेली ही पोरगी वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग हलवून हलवून त्यांची खडखड मोजायची आणि सुट्टीच्या दिवशी जुने स्पीकर शोधत हिंडायची. "आठवडाभर आवाज बंद करते, रविवारी विकत आणते," असे तिची आई म्हणे. घरी तिने सागवानी फळ्यांच्या दोन पेट्या करून ठेवल्या होत्या. दोन्हींच्या पोटात गोल भोक, आणि भोकात काही नाही. तिला जोडीच हवी होती, एकाच घडणीची आणि एकाच वयाची. अशी जोडी तिला कुठे मिळत नव्हती, आणि आता ती समोर होती.

"धाकला ने," कडूबा म्हणाले. "एकदम ठणठणीत हाय. थोरला नाय मिळायचा."

"पण तो तर घरघरतोय."

"म्हणूनच नाय मिळायचा. तो पुरावा हाय."

राजनंदिनीने मंजुळाबाईंकडे पाहिले.

"माझा भाऊ आला की हे आधी थोरला वाजवून दाखवतात," मंजुळाबाई म्हणाल्या. "चहा नंतर. इतकी वर्सं झाली. आता तो येतच नाय. भाऊबीजेला तेवढा येतो, ते बी उभ्या उभ्या. ओवाळून घेतो न् पळतो." हातातले सीताफळ त्यांनी उगाचच दोनदा दाबून पाहिले. "फाट्यावर पेरूचं दुकान हाय त्याचं. हितून आवाज दिला तर ऐकू जाईल, एवढ्यावर."

"मी काय त्याला नको म्हणलं का?" कडूबा म्हणाले. "यावं, ऐकावं, जेवावं."

"दुरुस्त झाला तर द्याल?" राजनंदिनीने विचारले.

कडूबा हसले. "मिस्त्री म्हणला, पडल्यामुळं आतली कॉइल वाकली."

"त्यानं उघडून बघितलं होतं?"

"छ्या! उघडू दिलं नाय मी. पुराव्याला हात लावू देतंय का कुणी?" त्यांनी कनवटीची तंबाखूची डबी काढली. "पण तू सोमनाथची पोरगी. बघ. दुरुस्त झाला तर पुरावाच संपला. मग ने दोघांना."

राजनंदिनीने पुन्हा कागदावर बोटे ठेवली. या वेळी तिने तो सरळ न दाबता एका कडेने दाबला, मग समोरच्या कडेने, मग उरलेल्या दोन्ही बाजूंनी. कागदाच्या मध्याला मागून तांब्याच्या तारेची एक गुंडाळी, म्हणजेच कॉइल, चिकटवलेली असते. ती लोहचुंबकाच्या अगदी अरुंद फटीत मागेपुढे होते आणि कागद हलतो. स्पीकर आपटून काही सरकले असेल तर गुंडाळी एकाच बाजूला घासेल, म्हणजे एका कडेने दाबल्यावर आवाज जास्त यायला हवा. इथे तो चारही बाजूंनी सारखाच येत होता.

"हे पडल्याचं वाटत नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

"काय म्हणली?"

"काही नाही काका. टोपी काढावी लागेल."

कागदाच्या मध्यावर कापडाची एक छोटी फुगीर टोपी होती. तिच्या कडेने राजनंदिनीने थिनरचा ब्रश फिरवला, जुना डिंक मऊ पडू दिला आणि पातळ पाते घालून टोपी अलगद उचलली. मोबाइलचा दिवा आत धरला. फटीत तांबूस कडे दिसले. गंज, असे तिला आधी वाटले. पण गंज असता, लोखंडाचा कीस असता, तर या लोहचुंबकाने तो असा मोकळा सोडलाच नसता. चिकटपट्टीचा तुकडा कागदाच्या कपट्याला लावून तिने फटीत सरकवला आणि बाहेर काढला. पट्टीला लाल पूड लागली होती, आणि मधूनमधून पिवळी.

काढलेली टोपी तिने उलटीपालटी करून पाहिली. वरून ती धुळीने मातकट झाली होती, पण आतल्या बाजूला मधोमध रुपयाएवढा लाल डाग कापडात मुरलेला होता. कापड विरळ होते. समोर धरले तर पलीकडचा किल्ला दिसत होता.

मग तिचे पडवीभर लक्ष गेले. सायकलच्या पंपावर, पान्ह्यांच्या पेटीवर, शिलाई मशीनच्या चाकावर, अगदी मिक्सरच्या झाकणावरसुद्धा दोन बोटे उमटलेली होती, एक हळदीचे आणि एक कुंकवाचे. धाकल्यावर मात्र काहीच नव्हते.

"निघंल का गं त्याचा घसा मोकळा?" मंजुळाबाईंनी विचारले. "मी माझ्यापरीनं लई केलं बघ. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा असती. थोरल्याला पाटावर उताणा निजवायचा न् मधोमध, कपाळावर लावतात तसं लावायचं. थोरल्याला लावलं की धाकल्याला पोचलं. एक साल चुकवलं नाय. तो आजारी पडल्यापासून तर चिमूटभर जास्तच."

राजनंदिनीच्या हातातली पट्टी तशीच राहिली. कारखान्यात तिच्या अहवालात कधी अर्धवट निरीक्षण नसे. जे दिसले ते, जिथे दिसले तिथे.

"काय सापडलं?" कडूबा तळहातावर तंबाखू मळत होते.

"धूळ," ती म्हणाली.

"धूळ?"

"जुनी. बसलेली. कॉइल अगदी गोल आहे, काका. पडल्याचं काहीच नाही."

"आण इकडं."

नाही म्हणायच्या आत त्यांनी हात पुढे केला आणि पट्टी घेतली. पूड अंगठ्याने चोळून पाहिली. अंगठ्याला तंबाखूचा ओला चुना लागलेला होता. पिवळी पूड त्यात मिसळली आणि बघता बघता लालभडक झाली.

कडूबा अंगठ्याकडे बघत राहिले. राजनंदिनीही बघत राहिली. हळदीला चुना लागला की काय होते हे सांगायला त्या घरात कुणाच्या एमएस्सीची गरज नव्हती.

त्यांनी दाराकडे पाहिले. मंजुळाबाई मान खाली घालून पिकलेली सीताफळे एका टोपलीत आणि कच्ची दुसरीत ठेवत होत्या. कडूबांनी अंगठा धोतराच्या आतल्या घडीला पुसला.

"धूळच हाय," ते म्हणाले. "टॉकीजमधली असंल. लई घाण टॉकीज होती ती."

राजनंदिनीने मान खाली घातली, कारण तिला हसू येत होते. ती पट्टीमागून पट्टी फटीत फिरवू लागली. लाल यायचे थांबले, तेव्हा रबरी फुग्याने हवा मारली. आणलेल्या पातळ कापडाची नवी टोपी कापून चिकटवली. डिंक वाळेपर्यंत एक पिकलेले सीताफळ खाल्ले, कारण मंजुळाबाई ऐकणार नव्हत्या. मग मोबाइल आणि छोटा अँप्लिफायर जोडून तिने थोरल्याला एक संथ, जाड सूर दिला.

सूर उमटला. नुसता सूर. पत्रा गुणगुणला, मांडणीवरच्या ताटल्या थरथरल्या. पण थोरल्याच्या गळ्यातून खर्र काही आले नाही. मंजुळाबाई हातातले फळ घेऊन तशाच उठून उभ्या राहिल्या.

"आपलाच का हा?"

कडूबा आधीच उठले होते. ते फोन लावत होते.

"सांडू, मी बोलतो. नाय, भांडायला नाय. ये हिकडं. आत्ता. गिऱ्हाइकं असू दे... अन् हे बघ, जेवायलाच थांब."

मंजुळाबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिले आणि काही न विचारता आत जाऊन पीठ काढले.

सांडू मोटारसायकलवरून आले. पांढऱ्या मिशा, गळ्यात उपरणे, हातात पेरूंची पिशवी. पिशवी दारात ठेवून ते पडवीच्या कडेलाच उभे राहिले.

"वाजवा, दाजी," ते म्हणाले. "एकदाचं वाजवून घ्या."

कडूबांनी राजनंदिनीला खूण केली. तिने या वेळी सनई लावली. सांडू मान वाकडी करून, डोळे किंचित मिटून वाट बघत राहिले, जसा माणूस इंजेक्शनची वाट बघतो. सनई पुढे पुढे गेली. त्यांनी एक डोळा उघडला.

"दाजी," ते काळजीने म्हणाले, "हा बिघडला का काय?"

आतून मंजुळाबाईंचे खळखळून हसणे ऐकू आले. राजनंदिनीलाही मग आवरले नाही.

"बस खाली," कडूबा म्हणाले. "कॉइलला काय झालं नव्हतं. ही पोरगी शिकलेली हाय, तिनं उघडून बघितलं."

"म्हंजे मी पाडला नव्हता?"

"पाडला तर व्हताच. एवढा काय सुटत नाय तू. पण थोरला मजबूत निघाला."

सांडू बाजेच्या टोकावर टेकले. मग हळूहळू मागे सरकून नीट बसले. "मग इतकी वर्सं घरघर कशाची व्हती?"

कडूबांनी मळलेली तंबाखू नेमकी तेव्हाच ओठात धरली आणि बोलता येत नसल्याची खूण केली.

"धूळ होती, मामा," राजनंदिनी म्हणाली.

जेवणे झाल्यावर सांडूंनी दोन्ही स्पीकर राजनंदिनीच्या गाडीपर्यंत नेले. एका वेळी एकच, आणि दुसऱ्या बाजूने कडूबांचा हात होताच. "दोघांनी उतरवा, दोघांनी चढवा," ते बजावत होते. डिकीत गोधडी अंथरून धाकल्याला आणि शेजारी थोरल्याला उताणे निजवले.

मंजुळाबाई ताट घेऊन आल्या. घरातून चाललेल्या जिनसेला असे कोरडे कसे पाठवायचे? त्यांनी बोट कुंकवात बुडवले आणि हात सवयीने थोरल्याच्या मधोमध गेला.

कडूबा आणि राजनंदिनी एकदमच पुढे झाले. राजनंदिनी आधी पोचली. तिने थोरल्याला उचलून पालथा केला.

"इथं लावा, काकू. मागं, लोहचुंबकावर. त्याचा सगळा जोर इथंच असतो."

मंजुळाबाईंचे बोट हवेत थांबले. त्यांनी लोहचुंबकाकडे पाहिले, पोरीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. कडूबा किल्ल्याकडे असे निरखून बघत होते, जणू तो आजच बांधून झाला होता.

मंजुळाबाईंनी थोरल्याच्या पाठीवर हळदकुंकू लावले. धाकल्यालाही पालथा करायला लावून त्याच्याही पाठीवर लावले. ताट गाडीच्या टपावर ठेवले आणि बोटाकडे थोडा वेळ बघत राहिल्या.

"आधी सांगायचं व्हतं कुणीतरी," त्या हळूच म्हणाल्या.

मग बोटावर उरलेले सगळे कुंकू त्यांनी कडूबांच्या कपाळावर टेकवले, पूजेत लावतात त्यापेक्षा चांगलेच जोरात.