बरा होणारा हात

बळ स्वतः पाप नव्हे आणि पुण्यही नव्हे. ज्या हातात ते वसते, त्या हाताच्या स्वभावाचे ते अंकित असते. म्हणून दुर्बलाला बळ देणे हे सत्कर्मच होय. परंतु त्या बळाने जिला आयुष्यभर मारले, तिनेच ते पुन्हा रुजवावे, असा प्रसंग येतो तेव्हा धर्मही क्षणभर निरुत्तर होतो.

केसरबाईंवर तो प्रसंग आला होता. पुंडलिकनगरातल्या घराच्या ओट्यावर त्यांचे पती तात्यासाहेब दोन्ही हातांत वजने घेऊन खुर्चीत बसले होते आणि केसरबाई त्यांच्या पाठीवर तळवा टेकवून मागे उभ्या होत्या. रक्तदाबाच्या माणसाने वजन उचलताना श्वास कोंडला, तर दाब एकाएकी उसळतो. म्हणून व्यायाम शिकवायला येणाऱ्या नौशीनने हे काम त्यांना नेमून दिले होते. "आजी, पाठ हलायची थांबली की यांना थांबवायचं," असे तिने बजावले होते.

तात्यासाहेबांनी उभी हयात ट्रकचे टायर खोलण्यात घालवली. पहारीवर चालणारा तो हात घरीही चाले. केसरबाईंच्या गळ्याजवळचे हाड त्यानेच मोडले. डाव्या कानाचे ऐकणे त्यानेच घालवले. पुढे रक्तदाब जडला, माणूस खाटेला लागला, दंड सुकले. पाण्याचा तांब्या धरताना मनगट थरथरू लागले. शेजारीपाजारी हळहळले. केसरबाईंनी मात्र त्या काळात प्रथमच दाराकडे पाठ करून भाकरी थापली.

आता औषध आणि व्यायाम दोन्ही लागू पडत होते. दाब उतरत होता, तळव्याखालचे मांस दिवसेंदिवस घट्ट होत होते. आजोबांचे स्नायू छान भरले, असे नौशीन कौतुकाने सांगे. केसरबाई मान डोलावत आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसत.

एके दुपारी वरण अळणी लागले. मीठ कमी करण्याची आज्ञा डॉक्टरांचीच होती. तात्यासाहेबांनी ताट भिरकावले, केसरबाईंच्या अंबाड्याला हात घातला आणि त्यांचे कपाळ कपाटाच्या कडेवर आदळले. एकदा, आणि पुन्हा. सून करुणा मध्ये पडली, तिलाही एका हिसड्यासरशी भिंतीवर फेकले. भुवईवरून ओघळलेले रक्त फरशीवरच्या वरणात मिसळले. तात्यासाहेबांना धाप लागली नव्हती. त्यांचा श्वास अगदी संथ चालला होता.

मुलगा अभय कामावरून धावत आला, टाके घालून आणले आणि आईलाच समजावू लागला. "बीपीचा माणूस हाय, आई. डोकं तापतं त्यांचं. तू तोंडी लागत जाऊ नको."

"तोंडी कुठं लागल्या? वरण वाढलं निस्तं," करुणा म्हणाली.

वजने भंगारात घालावीत, असे तिने सासूला हळूच सुचवले. व्यायाम सुटला की हात पुन्हा लुळा पडणार, दाबही चढणार; केसरबाईंना काहीच करावे लागणार नव्हते. तो विचार त्यांनी रात्रभर उराशी धरला आणि पहाटे सोडून दिला.

सकाळी त्यांनी खुर्ची ओट्यावर ठेवली, वजने पुसून तिच्यापाशी मांडली आणि आपली पिशवी उचलली. लेक रूपा वैजापूरला दिली होती. लेकीच्या दारात म्हातारपण काढणाऱ्या बाईला लोक काय काय बोलतात, हे त्यांना ठाऊक होते.

"कुठं निघाली गं?" तात्यासाहेबांनी विचारले. "अन् माझ्या पाठीवर हात कोण ठेवील?"

"मोठ्यानं मोजत उचला. मोजणाऱ्याचा श्वास कोंडत नाय, ती पोरगीच म्हणली." केसरबाई उंबऱ्यात थांबल्या. "तुमचा हात बरा व्हावा, येवढंच देवापाशी मागते. पण त्या हाताखाली मी आता ऱ्हायची नाय."

अभयने पिशवीचा बंद धरला. करुणाने त्याची बोटे सोडवली.

कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. केसरबाईंनी टाक्यांवर पदर ओढला नाही. मागून मोजण्याचा आवाज आला: एक, दोन. तिसरा आकडा जरा उशिराने आला. त्या चालत राहिल्या.

मागे मोजत राहिला, त्यालाही आरोग्य लाभो. निघाली, तिला निर्भय निद्रा लाभो.