काखेतली शिवण

ओठांत टाचण्या धरल्या की बोलावं लागत नाही, आणि आज तिला अजिबात बोलायचं नव्हतं. आरशासमोर लेकीच्या वर्गाच्या बाई बक्षीस समारंभासाठी शिवायला टाकलेला झगा घालून उभ्या होत्या, आणि ती गुडघ्यांवर बसून घेराला टाचण्या लावत होती. काखेकडे तिने मुद्दामच पाहिलं नाही. तिथे पक्की शिवण नव्हती. नुसता धावदोरा, तोही लांब लांब टाक्यांचा. शनिवारी बक्षीस द्यायला बाई हात उचलतील आणि सगळ्या पालकांसमोर... होऊ दे शोभा.

पालकसभेत याच बाई गोड हसून त्यांच्या भाषेत म्हणाल्या होत्या, "घरून काहीच साथ नाही. एरवी आई शाळेत फिरकतसुद्धा नाही." आणि शेजारी बसलेल्या लेकीने आपल्या भाषेत सांगितलं, "आई, बाई म्हणतात मी हुशार आहे." केवढीशी पोर, आईला सांभाळून घेत होती! बारा वर्षं या देशात लोकांची मापं घेतेय – भाषा कळत नाही होय मला? बोलता येत नाही, एवढंच. तेव्हा मी नुसती मान डोलावली. त्या मान डोलावण्याने अजून अंगाचा तिळपापड होतो.

"काय सुरेख हात आहे हो तुमचा," बाई एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. "म्हणून तर वर्गात मुलांना शिवण शिकवायला बोलावत होते. तीन चिठ्ठ्या दिल्या मुलीकडे. 'आईला यायचं नाही' म्हणाली."

टाचणी ओठाला टोचली. तीन चिठ्ठ्या... हल्ली लेक दप्तराला हात लावू देत नव्हती. "तू शाळेच्या फाटकाबाहेरच थांब ना गं, आई" – तेही मी लाडाचंच समजले. म्हणजे त्या दिवशी पोर मला सांभाळत नव्हती. दडवलेल्या चिठ्ठ्या सांभाळत होती.

"हात वर करून बघू का?" बाईंनी विचारलं.

"नको!" टाचण्या तळहातावर काढत ती त्यांच्या भाषेत म्हणाली. "उद्या न्या."

झगा उतरवून बाई गेल्या. काखेत पक्की शिवण घालायची म्हणजे मशीनवर दोन मिनिटांचं काम. तिने झगा मांडीवर घेतला, सुईखाली सरकवला, पण पायडलवर पाय काही दाबला गेला नाही. बाईंवर सूड उगवायचं कारण उरलं नव्हतं. सूड मात्र होता तसाच होता, ताजा, आणि साडेचारला दप्तर घेऊन दाराशी येणाऱ्या पावलांकडे कान लावून बसला होता.