गड्ड्यातली गाठोडी

गड्ड्याची जत्रा भरली की अख्ख्या जिल्ह्याला सोलापुरातले नातलग आठवतात. वर्षभर ज्यांचं साधं कार्ड येत नाही, ते संक्रांतीच्या सुमाराला एसटीतून उतरतात आणि दारात उभे राहून विचारतात, ओळखलं का? येसूबाई ओळखायची. न ओळखून सांगते कुणाला? तिचं घर शुक्रवार पेठेत, जत्रेच्या होम मैदानापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. नवरा सिद्राम सूतगिरणीत कामाला. अशा घरी जानेवारीत पाहुणा येणार नाही तर कुठं जाणार?

त्या साली तर मंगळवेढ्याहून पलटणच आली. दुष्काळाची वर्षं सरली होती, रानात ज्वारीची कणसं भरली होती आणि माणसांच्या अंगात हौस शिल्लक होती. सासूबाई बजाबाई आल्या, थोरली नणंद सोनाबाई आली, तिचा नवरा कुंडलिक आला आणि त्यांची तीन पोरं आली. येसूबाईची स्वतःची दोन होतीच. दोन दिवस ती चुलीपुढून उठली नव्हती. तिसऱ्या दिवशी सिद्रामला सुट्टी होती, म्हणून सगळे सकाळीच गड्ड्याला निघाले.

आता गड्ड्यात काय नसतं? कुंडलिकला फोटोवाल्याच्या पुठ्ठ्याच्या विमानात बसून फोटो काढायचा होता. आयुष्यात एसटीखेरीज कशात बसला नव्हता, पण फोटोत त्याला वैमानिक व्हायचं होतं. सोनाबाईला आरशांचा तंबू. त्यातल्या एका आरशात ती बारीक दिसायची आणि त्या आरशापुढून तिला ओढून काढावं लागायचं. पोरांना चक्री, शिट्ट्या, रंगीत चष्मे, सगळंच. आणि सिद्रामला मौतीची विहीर. फळ्यांच्या विहिरीत फटफटी आडवी पळते, वर कठड्याला धरून माणसं बघतात, फटफटी जवळ आली की कठडा हादरतो आणि पोटात गोळा येतो. तो गोळा सिद्रामला दर वर्षी चार-पाचदा आणून घ्यावा लागायचा.

येसूबाईला हवा होता पाळणा. मैदानाच्या कडेला उभा राहायचा तो मोठा, घराच्या तिप्पट उंच. तिला वर जाऊन बघायचं होतं. लग्न होऊन सोलापुरात आल्याला अकरा वर्षं झाली होती आणि अकरा गड्डे तिनं जमिनीवरून बघितले होते.

कारण होतं गाठोड्यांचं. या घरची रीतच तशी. मैदानात शिरलं की एक झाड धरायचं, त्याखाली गाठोडी टाकायची आणि देवाला जायच्या आधी सगळ्यांनी पायातलं काढून तिथंच ठेवायचं. देवळाबाहेर वहाणा गेल्या की गेल्याच, आणि मंगळवेढ्याची माणसं गड्ड्याला येताना नव्या कोऱ्या घालून येतात. देवदर्शन झाल्यावर तरी घालाव्यात ना? नाही. गर्दीत तुटतील, पाळण्यातून पडतील, म्हणून दिवसभर अनवाणीच फिरायचं. मग या सगळ्याची राखण कुणी करायची? जिच्या घरी उतरलो, त्या घरच्या सुनेनं. हे कुणी कधी ठरवलं नव्हतं आणि त्यामुळेच ते कुणाला मोडता येत नव्हतं. ठरवलेलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

म्हणून या वर्षी तिनं आठ दिवस आधीच सिद्रामला गाठलं होतं. जेवताना, त्याच्या तोंडात घास असताना. म्हणाली, यंदा तासभर तुम्ही बसा गाठोड्यापाशी, मी पाळण्यात बसून येते. तो म्हणाला, एवढंच ना, बसतो की. त्याला ते इतकं किरकोळ वाटलं याचंच तिला वाईट वाटलं. एवढंसंच होतं तर अकरा वर्षं का लागली?

मैदानात लिंबाच्या झाडाखाली गाठोडी पडली. एकात सगळ्यांच्या वहाणा, दुसऱ्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदे आणि तांब्या, तिसऱ्यात कुंडलिकनं आदल्या दिवशी घेतलेल्या सहा सोलापुरी चादरी. त्या घरी ठेवाव्यात असं येसूबाईनं सुचवलं होतं. पण मैदानातूनच पुढं स्टँडवर जायचं, परत घरी कोण येतंय, असं कुंडलिकदाजींचं म्हणणं पडलं. गाठोडं त्यांना थोडंच राखायचं होतं!

देवाला जाऊन आल्यावर बजाबाईंचे गुडघे बोलायला लागले आणि त्या सुनेशेजारी टेकल्या. बाकीचे पांगले. जाताना सिद्राम म्हणाला, ‘एक खेळ बगून आलोच.’

हा ‘आलोच’ फार वाईट शब्द. माणूस ‘जातो’ म्हणाला तर आपण वाट तरी बघत नाही. येसूबाई मौतीच्या विहिरीकडं कान लावून बसली. फटफटी सुरू झाली, ओरडली, थांबली. लोक उतरले. सिद्राम आला नाही. पुन्हा सुरू झाली, थांबली. पुन्हा लोक उतरले. मधेच कुंडलिक येऊन भाकरी मागून गेला, सोनाबाईची थोरली मायाक्का पाणी पिऊन गेली, धाकट्याचं नाक पुसून झालं. उन्हं माथ्यावरून कलली. चार वाजता पाहुण्यांची गाडी होती, म्हणजे तीनला इथून हलायला हवं. समोर पाळणा फिरत होता. प्रत्येक फेऱ्याला वरच्या बाया किंचाळायच्या आणि त्या किंचाळीत इतका आनंद असायचा की येसूबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

चौथ्यांदा फटफटी सुरू झाली तेव्हा ती उठली. सासूला म्हणाली, जरा बघून येते, आणि तडक पाळण्याकडं गेली. लांब नव्हता, पन्नास पावलं. पाळणेवाला कल्लप्पा म्हणून अक्कलकोटकडचा गडी होता. तो तिकिटाआधी माणसाकडं नखशिखांत बघायचा, कारण त्याचं सगळं काम वजनाचं. एका डब्यात चार धष्टपुष्ट माणसं बसली की समोरच्या डब्यात तेवढंच वजन हवं, नाहीतर चाक एका अंगाला ओढतं आणि इंजिन रडतं. तराजू त्याच्या डोळ्यातच होता. येसूबाईला बघून तो म्हणाला, ‘एकटी नको री अक्का. समोर बघ की, पेठेतलं शेट घरदार घेऊन बसलंय. वजन पाहिजे. माणसं घेऊन ये.’

माणसं! घरात एरवी पाय ठेवायला जागा नसते इतकी माणसं, आणि आता हवी होती तर एक दिसत नव्हतं. ती परत झाडाखाली आली आणि धपकन बसली. बजाबाईंनी विचारलं, काय झालं. अकरा वर्षांत येसूबाई सासूपुढं मोठ्यानं बोलली नव्हती. पण त्या दिवशी तिचा बांध फुटला.

‘काय हुयाचंय आत्याबाई? मला पाळण्यात बसायचं हुतं. येवडंच. समद्यांनी समदं बगितलं, मी वहाना बगितल्या.’

बजाबाई गुडघ्यावर हात रोवून उठल्या.

‘चल. मी येती.’

‘आन गाठुडी?’

‘त्यास्नी काय पाय हायती का पळून जायाला?’ म्हातारी म्हणाली खरी, पण वहाणा आणि चादरी उघड्यावर टाकून जायचा धीर तिलाही नव्हता. चाळीस वर्षांची सवय अशी कशी सुटेल? शेवटी एक गाठोडं डोक्यावर, एक काखेत आणि वहाणांचं सासूच्या हातात, अशी ही वरात पाळण्यापाशी पोचली.

कल्लप्पानं दोघींना नजरेनं तोललं आणि मान हलवली. दोघी मिळून एका शेटाएवढ्याही भरत नव्हत्या. येसूबाईला रडूच यायचं बाकी होतं. इतक्यात त्याचं लक्ष गाठोड्यांकडं गेलं. चादरींचं गाठोडं त्यानं एका हातानं उचलून बघितलं, मग दुसरं, मग वहाणांचं.

‘हे घ्या की संगट. हे चालतंय.’

आणि अशा रीतीनं मंगळवेढ्याच्या मंडळींच्या नव्या वहाणा, सहा चादरी आणि उरलेल्या भाकरी पाळण्यात बसल्या. अर्धी जागा त्यांनीच खाल्ली. सासू-सून एकमेकींना चिकटून उरलेल्या अर्ध्यात.

डबा हलला. एकेक डबा भरत पाळणा थांबत थांबत वर निघाला. बजाबाईंनी आधी डोळे गच्च मिटले, मग एक उघडला.

‘मला वाटायचं तुला आवडत न्हाय पाळना,’ त्या म्हणाल्या. ‘तू कवा बोलली न्हाईस.’

‘तुमी तरी कवा इचारलंसा?’

‘मला कुनी इचारलं हुतं?’ म्हातारी म्हणाली. ‘मीबी माज्या सासूच्या वहाना राखल्या की.’

पाळणा आता पुरा भरला आणि खरा फिरू लागला. डबा वर आला, अगदी वर, आणि येसूबाईनं खाली बघितलं.

झाडाखाली सिद्राम उभा होता. एकटा. त्यानं झाडाला एक चक्कर मारली, जणू बायको आणि तीन गाठोडी खोडामागं लपली असावीत. मग सोनाबाई आली. मग हातात फोटो धरून कुंडलिक. मग पोरं. सगळे अनवाणी. धाकटा तापल्या मातीवर एका पायावर उभा होता, दुसरा पाय त्यानं पोटरीला घासला. डबा खाली गेला, ते दिसेनासे झाले. वर आला, पुन्हा दिसले. आता सिद्राम शेजारच्या चुरमुरेवाल्याला काहीतरी विचारत होता. चुरमुरेवाल्यानं देवळाकडं बोट दाखवलं. तिकडं कशाला दाखवतो मेला, येसूबाईच्या मनात आलं. डबा खाली गेला. वर आला. सोनाबाईनं कपाळाला हात लावला होता. मायाक्का दिसेना. कुठं गेली पोरगी? डबा खाली. वर. आहे, बापाच्या मागं आहे. एकानंही मान वर करून पाळण्याकडं बघितलं नाही. येसूबाई वर असू शकते, हे त्यांच्या डोक्यात येणार तरी कसं?

शेजारी म्हातारी काहीबाही बोलत होती, मधेच हसत होती. येसूबाई हं हं म्हणत होती. मग वेग कमी झाला आणि कल्लप्पानं डब्याला हात लावून तो थांबवला. संपलं.

गाठोडी उतरवून दोघी झाडापाशी आल्या तेव्हा सगळे एकदमच बोलायला लागले. सिद्राम तावातावानं म्हणाला की अर्धा तास शोधतोय, काही रीतभात आहे का नाही. तो अर्धा तास नव्हता, आणि रीतभातीबद्दल त्यानं बोलावं! कुंडलिकनं आधी चादरी मोजून घेतल्या. एसटीची वेळ झाली होती, वहाणा कुठायत, भूक लागलीय. मायाक्कानं मात्र येसूबाईचा पदर ओढला.

‘मामी, वरनं काय दिसतं गं?’

येसूबाईनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की सांगायला काहीच नाही. तिच्या जागी बजाबाईच बोलल्या. तळं दिसतं म्हणाल्या, पार कडेपर्यंत, आणि त्याच्या मधोमध देऊळ. किल्ल्याचे बुरूज दिसतात. गिरणीच्या चिमण्या दिसतात आणि त्यांचा धूर आपल्या मंगळवेढ्याच्या अंगाला जातो. एवढं मोठं गाव हाय हे मला ठावंच नव्हतं, असं म्हणताना म्हातारीचा चेहरा पोरीसारखा झाला होता.

‘मामी, तुला बी दिसलं?’

‘न्हाय,’ येसूबाई म्हणाली. ‘तुमी खाली शोधत हुतासा. तेच बगत बसले.’

सोनाबाईला भरून आलं. बघा म्हणाली, किती जीव आहे येसूचा आपल्यावर, वर जाऊनसुद्धा आपल्यातच. सिद्रामचा रागही उतरला आणि तो कौतुकानं हसला. येसूबाईला ओरडून सांगावंसं वाटलं की ही माया नव्हे, ही निव्वळ खोड आहे. अकरा वर्षांनी एकदा वर गेले आणि तिथंही तुमची राखणच करत बसले. तिला त्यांचा राग होताच, पण आता स्वतःचाही आला आणि तो जास्त लागला. तेवढ्यात कुणीतरी भाकरी मागितली आणि ती खाली बसून गाठ सोडायला लागली. आपण बसलोय कधी हेसुद्धा तिला कळलं नव्हतं.

बजाबाईंनी तिचं मनगट धरून हात बाजूला केला.

‘ऱ्हाऊ दे,’ त्या म्हणाल्या. ‘सोनी सोडंल.’

सोनाबाईनं आईकडं बघितलं, मग भावाकडं. शेवटी ती गाठोड्यापुढं बसली आणि गाठीशी झटू लागली. गाठ काही सुटेना. कुठलं टोक आधी ओढायचं हे तिला ठाऊकच नव्हतं. पोरं भुकेनं किरकिरत होती, गाडीची वेळ टळत चालली होती. येसूबाई हात मांडीत धरून बसून राहिली. तिला ते फार जड गेलं.